नाव उच्चारणारा वैद्य : डॉ. अकासियो व्हिएगस यांचे कार्य आणि वारसा

१

दिल्लीतील विद्यापीठात निरनिराळ्या भारतीय भाषांच्या विद्यार्थ्यांपुढे ‘साथीचे रोग आणि साहित्य’ हा विषय मांडू लागले की प्रत्येक जण आपापल्या भाषेतली एखादी कृती घेऊन पुढे येतो. उर्दूचा विद्यार्थी राजिंदर सिंह बेदींच्या ‘क्वारंटीन’ या कथेचे नाव घेतो. बंगालीचा विद्यार्थी रवींद्रनाथांच्या ‘चतुरंग’ मधील जगमोहनाकडे बोट दाखवितो. ओडियाच्या विद्यार्थ्याला फकीरमोहन सेनापतींची ‘रेवती’ आठवते, तर कन्नडच्या विद्यार्थ्याला अनंतमूर्तींची ‘संस्कार’. मराठीच्या विद्यार्थ्याची पाळी आली की तो बहुधा कथेचे किंवा कादंबरीचे नाव घेत नाही. तो रँडच्या वधाविषयी, चाफेकर बंधूंविषयी, ‘केसरी’ तील लेखांविषयी आणि टिळकांवरील खटल्याविषयी बोलू लागतो.

यात त्याची चूक आहे असे नाही. मराठी मनात १८९६-९७ चा प्लेग मुख्यतः एक राजकीय घटना म्हणूनच साठविला गेला आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ सारख्या आत्मकथनात प्लेगच्या दिवसांचे घरगुती, माणसांच्या बाजूने पाहिलेले चित्र आढळते. परंतु आपल्या इतिहासकथनाचा मुख्य ओघ गणेशखिंडीकडे जातो. या ओघात दोन माणसे बाजूला पडतात. पहिला रोगी. दुसरा त्याच्या उशाशी बसून त्याच्या रोगाला खरे नाव देणारा वैद्य. या दुसऱ्या माणसाचे नाव डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस.

व्हिएगस गोव्याचे, धर्माने कॅथलिक, व्यवसायाने मुंबईचे डॉक्टर आणि महानगरपालिकेचे सभासद. मराठी वाङ्मयेतिहासात त्यांना जागा मिळण्याचे काही कारण नव्हते. राजकीय इतिहासात त्यांचा उल्लेख एखाद्या वाक्यापुरता येतो. प्रस्तुत लेखात त्यांच्या कार्याची ओळख करून द्यावी आणि त्या निमित्ताने एका प्रश्नाचा विचार करावा, असा हेतू आहे. प्रश्न असा : एखाद्या भयंकर गोष्टीचे खरे नाव समाजापुढे उच्चारणे ही सेवा आहे काय? आणि असल्यास, त्या उच्चारानंतर जे जे घडते त्याचा भार नाव उच्चारणाऱ्यावर किती पडतो?

२

व्हिएगस यांचा जन्म १ एप्रिल १८५६ रोजी बार्देशातील हडफडे या गावी झाला. पोर्तुगीज वळणाने या गावाला आर्पोरा म्हणतात. त्या काळी पणजीत वैद्यकीय शिक्षणाची सोय नव्हती असे नाही. तेथील वैद्यक-शल्यविद्यालय १८४२ साली सुरू झाले होते आणि तेथून शिकलेले गोमंतकीय डॉक्टर पोर्तुगालच्या आफ्रिकी वसाहतींपर्यंत जात होते. परंतु गोव्याच्या तरुणांचा दुसरा एक प्रवाह मुंबईकडे वाहत होता. तेथे १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज स्थापन झाले. त्याच्या अगदी पहिल्या पदवीधरांपैकी एक, डॉ. भाऊ दाजी लाड, हे मूळचे पेडण्याजवळच्या मांद्र्याचे. मुंबईचे इतिहासकार व नाणकशास्त्रज्ञ डॉ. जेर्सन द कुन्य हे तर व्हिएगस यांच्याच हडफडे गावचे. आपल्या गावाहून दूर, परक्या राज्यात येऊन रुग्णसेवा आणि नागरी जीवन या दोहोंत स्थान मिळविणाऱ्या गोमंतकीय वैद्यांची एक परंपराच मुंबईत तयार झाली होती. व्हिएगस हे त्या परंपरेतले.

ग्रँट मेडिकल कॉलेजमधून ते १८८० साली पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले आणि त्यांनी मांडवी भागात व्यवसाय सुरू केला. ही गोष्ट थोडी थांबून पाहण्यासारखी आहे. मुंबईतील गोमंतकीय कॅथलिकांची वस्ती प्रामुख्याने धोबी तलाव, कावेल, माझगाव या भागांत होती. गावोगावच्या मंडळींनी चालविलेले ‘कूड’ ही याच भागांत होते. मांडवीची वस्ती निराळी होती. बंदराला लागून असलेला हा भाग धान्याच्या वखारींचा, दाणाबंदराचा. कच्छी, गुजराती, जैन व्यापारी, खोजे, माल वाहणारे हमाल आणि दाटीवाटीच्या चाळी असे त्याचे स्वरूप होते. आपल्या समाजाच्या वस्तीत सुरक्षित राहून व्यवसाय करणे व्हिएगस यांना शक्य होते. त्यांचे रोगी मात्र बहुतेक परधर्माचे, परभाषेचे होते. पुढे जे घडले त्याचे मूळ या निवडीत आहे.

१८८८ मध्ये ते मुंबई महानगरपालिकेवर निवडून आले. त्यामुळे त्यांच्या ठिकाणी दोन भूमिका एकत्र आल्या. चाळीच्या अंधाऱ्या खोलीत रोग्याची नाडी पाहणारा डॉक्टर आणि सभागृहात उभा राहून शहराच्या आरोग्याविषयी बोलण्याचा अधिकार असलेला लोकप्रतिनिधी, अशा त्या दोन भूमिका होत्या. यांपैकी एकच त्यांच्याकडे असती तर १८९६ च्या सप्टेंबरात त्यांनी जे केले ते कदाचित घडले नसते.

३

त्या सप्टेंबरात मांडवीत काही रोगी विचित्र तापाने मरू लागले होते. एकाएकी चढणारा कडक ताप, जांघेत किंवा काखेत येणारी वेदनायुक्त गाठ, भ्रम, आणि काही दिवसांत मृत्यू, असा रोगाचा क्रम होता. लोक त्याला गाठीचा ताप म्हणत. वखारींत गोण्यांच्या थप्प्यांमागे उंदीर मरून पडत होते. चीनच्या युनान प्रांतातून निघालेली प्लेगची साथ १८९४ मध्ये हाँगकाँगला पोचली होती. तेथेच अलेक्झांडर येर्सिन यांनी त्या रोगाचा जंतू शोधून काढला होता. हाँगकाँग आणि मुंबई यांच्यामध्ये जहाजांची नित्य ये-जा होती. आज मागे वळून पाहता सर्व दुवे आपल्याला सहज जुळविता येतात. परंतु अंधाऱ्या खोलीत एकेका रोग्यापुढे बसलेल्या डॉक्टरला ते जुळलेले मिळाले नव्हते. त्याच्यापुढे ताप होता, गाठ होती आणि स्वतःचा अनुभव होता. प्रयोगशाळेचा दाखला त्याच्या हाती नव्हता.

२३ सप्टेंबर १८९६ रोजी महानगरपालिकेच्या स्थायी समितीपुढे व्हिएगस यांनी सांगितले की, मांडवीत ग्रंथिक प्लेगचा प्रादुर्भाव झाला आहे.

या एका वाक्याचे वजन समजून घेण्यासाठी त्यावेळच्या मुंबईची स्थिती ध्यानात घ्यावी लागते. शहराची लोकसंख्या आठ लाखांहून अधिक होती. गिरण्या, कापसाचा व्यापार आणि बंदर यांवर सारे शहर उभे होते. ‘प्लेग’ हा शब्द एकदा अधिकृतपणे उच्चारला गेला की युरोपातील बंदरे मुंबईच्या जहाजांना दारे बंद करणार, माल अडकून पडणार, मजूर शहर सोडून पळणार, हे कोणालाही दिसत होते. पुढे तसेच झाले. १८९७ च्या फेब्रुवारीत प्लेगच्या प्रश्नावर व्हेनिस येथे आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली, आणि त्याच महिन्यात मुंबईहून जाणारी हज यात्रा थांबविण्यात आली. म्हणून आरंभी अधिकाऱ्यांचा सूर सावध, किंबहुना चाचरता होता. रोग गाठीच्या तापाचा असेल, सौम्य असेल, स्थानिक असेल, अशी भाषा वापरली जात होती. पुढील काही आठवड्यांत तज्ज्ञांनी तपासणी केली आणि व्हिएगस यांचे निदान खरे ठरले.

येथे भाषेच्या अभ्यासकाने एक गोष्ट लक्षात घ्यावी. आपल्या समाजात भयंकर रोगाचे नाव टाळण्याची रीत जुनी आहे. ज्या रोगाने मुले दगावत त्याला आपण ‘देवी’ म्हटले. पटकीच्या साथीला ‘जरीमरी’, ‘मरीआई’ करून तिची देवळे बांधली. या नामांतरात भीती आहे तशी एक शहाणीवही आहे : ज्यावर उपाय नाही त्याला आदराने दूर ठेवावे. प्लेगच्या बाबतीत नाव टाळण्याची दुसरी रीत दिसली, आणि ती सुशिक्षितांची होती. ‘संशयास्पद ताप’, ‘विशिष्ट प्रकारचा ज्वर’ असल्या शब्दांमागे देवाचे भय नव्हते, व्यापाराचे होते. मराठी वृत्तपत्रांच्या भाषेत पुढे ‘ग्रंथिक सन्निपात’ हा प्रतिशब्द आला. लोकांनी मात्र ‘प्लेग’ हाच शब्द सरळ स्वीकारला आणि तो मराठीचाच होऊन गेला. या शब्दाला मुंबईच्या सार्वजनिक व्यवहारात पहिल्याने जाहीरपणे जागा मिळवून दिली ती व्हिएगस यांनी.

४

नाव उच्चारल्यानंतर काय झाले, हा इतिहास सुपरिचित आहे. तो येथे थोडक्यात सांगणे भाग आहे, कारण आपला प्रश्न त्याच्याशी बांधलेला आहे.

६ ऑक्टोबर १८९६ च्या अधिसूचनेने रोग्यांना सक्तीने रुग्णालयात हलविण्याचा अधिकार महापालिकेच्या अधिकाऱ्यांना मिळाला. घरोघर तपासणी सुरू झाली. रुग्णालयात नेलेला माणूस परत येत नाही, तेथे त्याला मारून टाकतात, अशा वदंता पसरल्या. २९ ऑक्टोबरला सुमारे हजार गिरणीकामगारांनी आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. शहर रिकामे होऊ लागले. १८९७ च्या आरंभी जवळजवळ निम्मी वस्ती गावी निघून गेली होती. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग अधिनियम संमत झाला आणि सरकारला जवळजवळ अमर्याद अधिकार मिळाले. पुण्यात गोऱ्या सैनिकांनी घरांत शिरून जी झडती घेतली, स्त्रियांची जी विटंबना झाली, तिचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री रँड आणि आयर्स्ट यांच्यावरील गोळीबारात झाला. त्यानंतर चाफेकर फाशी गेले आणि टिळक तुरुंगात.

आता प्रश्न उभा राहतो. स्थायी समितीपुढे उच्चारलेल्या त्या एका शब्दाने हे सारे घडविले काय? वरवर पाहता तसे म्हणता येईल. शब्द नसता तर अधिसूचना नसती, अधिसूचना नसती तर झडती नसती. मुंबईतील कित्येक लोकांना त्या वेळी तसे वाटलेही असेल. मांडवीचा जो व्यापारी आपल्या आजारी मुलाला माळ्यावर लपवीत होता, त्याच्या दृष्टीने रोगाचे नाव सांगणारा आणि दार फोडणारा यांच्यात फार अंतर नव्हते.

तथापि हा युक्तिवाद दोन ठिकाणी अपुरा पडतो. पहिली गोष्ट अशी की, नाव न घेतल्याने रोग थांबत नाही. पुढील दोन-अडीच दशकांत प्लेगने भारतात सुमारे एक कोटी माणसे मारली. आरंभीच्या दिवसांत मौन लांबले असते तर त्या मौनाची किंमत मांडवीच्या हमालांनी प्रथम दिली असती, व्यापाऱ्यांनी नंतर आणि अधिकाऱ्यांनी सर्वांत शेवटी. सावधगिरीने पाळलेल्या मौनाचा खर्च नेहमी तळच्या माणसावर पडतो. ज्याला नावे ठेवावयाची तो हा हिशेब विसरतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. रोगाचे निदान आणि त्यावरील राज्यकारभार या दोन निराळ्या क्रिया आहेत. प्लेग आहे हे कळल्यावर दार फोडावे असे त्या शब्दात कोठेही लिहिलेले नव्हते. दार फोडण्यामागे जे ज्ञान होते तेही अपुरे होते. रोग घाणीतून, दूषित हवेतून, माणसाच्या स्पर्शातून येतो अशा समजुतीवर गटारे धुतली जात होती, भिंतींना चुना लावला जात होता, घरांची छपरे काढून ऊन आत सोडले जात होते, कपडे जाळले जात होते. उंदराच्या अंगावरील पिसू रोग वाहून नेते हे पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत प्रयोग करून दाखविले ते १८९८ मध्ये, आणि तेही सर्वमान्य व्हावयास आणखी सुमारे दशक जावे लागले. गढवाल-कुमाऊँच्या डोंगरातील खेडुतांना, घरात उंदीर मरू लागले की घर सोडून रानात जावे, हे शास्त्राशिवायच ठाऊक होते. मुंबईहून पळालेल्या लोकांना आपण भित्रे म्हणतो. प्रत्यक्षात उंदरांनी भरलेली चाळ सोडून जाणे हा त्या वेळचा सर्वांत उपयुक्त उपाय होता, जरी त्या पळापळीतून काही ठिकाणी रोग पुढे गेला. सारांश, नाव बरोबर होते आणि उपाययोजना चुकीची. या चुकीचे ओझे निदान करणाऱ्याच्या खांद्यावर टाकणे न्यायाचे नाही.

परंतु खांदे झटकून मोकळे होणेही व्हिएगस यांनी पत्करले नाही, आणि त्यांच्या सेवेचा खरा अर्थ येथे दिसतो. नाव उच्चारून ते सभागृहात बसून राहिले नाहीत. मांडवीत त्यांचे काम चालू राहिले. १८९६ च्या ऑक्टोबरात वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील लहानशा जागेत त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःच्या शरीरात टोचून घेतली. पुढे ही लस लोकांपर्यंत नेण्याच्या कामात व्हिएगस होते. त्यांनी स्वतःच्या हाताने सुमारे १८,००० माणसांना लस टोचली अशी नोंद त्यांच्या चरित्रपर टिपणांत आढळते.

या आकड्याचा अर्थ नीट लावला पाहिजे. मुंबईत ही लस सक्तीची नव्हती. झडतीसाठी दार फोडता येते; लस टोचण्यासाठी माणसाने स्वतः दंड पुढे करावा लागतो. टोचल्यानंतर ताप येतो, हात सुजतो, एक-दोन दिवसांची मजुरी बुडते. अफवांनी भरलेल्या शहरात, रुग्णालयावर दगडफेक झालेली असताना, हजारो माणसांनी एका डॉक्टरपुढे दंड उघडा केला याला विश्वास हेच एक कारण संभवते. हा विश्वास साथीच्या वर्षात निर्माण झालेला नव्हता. त्याच्यामागे दीड दशकाची नित्याची वैद्यकी होती. असा विश्वास किती नाजूक असतो हेही पुढे दिसले. १९०२ च्या ऑक्टोबरात पंजाबातील मुल्कोवाल येथे लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने मेली आणि हाफकिन यांच्यावर ठपका आला. तो दूर होण्यास १९०७ साल उजाडले. लसीची कुपी दूषित होण्यास एक क्षण पुरतो. माणसाला दंड पुढे करावासा वाटावा यासाठी वर्षे लागतात.

५

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला व्हिएगस यांची कथा वाचताना काही कल्पित वैद्य अपरिहार्यपणे आठवतात. ही तुलना केवळ विद्वत्तेसाठी नाही; प्रत्यक्ष आणि कल्पित यांच्यातील अंतरामुळे प्रत्यक्षाचे रूप अधिक स्पष्ट होते.

इब्सेनचे ‘लोकशत्रू’ हे नाटक १८८२ चे. त्यातील डॉ. स्टॉकमन यांना कळते की, ज्या स्नानगृहांवर गावाची भरभराट अवलंबून आहे त्यांचेच पाणी दूषित आहे. ते हे सांगतात आणि गाव त्यांना शत्रू ठरविते. मुंबईत चौदा वर्षांनी जवळजवळ हाच प्रसंग घडला : व्यापारी शहर, दूषित सत्य आणि ते सांगणारा डॉक्टर. परंतु स्टॉकमन शेवटी एकटे पडतात आणि त्या एकटेपणाचाच त्यांना अभिमान वाटू लागतो. व्हिएगस एकटे पडले नाहीत. ज्या महापालिकेला त्यांनी नको असलेली वार्ता दिली तिनेच त्यांना दहा वर्षांनी, १९०६ मध्ये, आपले अध्यक्ष निवडले. मुंबईत महापौर ही पदवी १९३१ पासून आली. त्यापूर्वी अध्यक्षपद हेच शहराचे सर्वोच्च नागरी पद होते. त्या पदावर बसलेले ते पहिले भारतीय ख्रिस्ती गृहस्थ.

काम्यूच्या ‘प्लेग’ या १९४७ च्या कादंबरीत ओरान शहरातील डॉक्टर अधिकाऱ्यांपुढे बसले आहेत आणि रोगाला त्याच्या नावाने संबोधावे की नाही यावर खल चालला आहे, असा एक प्रसंग आहे. डॉ. रियो शब्दापेक्षा कृतीकडे लक्ष वेधतात. पण शब्दावाचून कृती सुरू होत नाही हेही वाचकाला कळत असते. मुंबईच्या स्थायी समितीची बैठक माहीत असलेल्या वाचकाला हा प्रसंग अर्धशतक आधी आपल्याच शहरात घडून गेला आहे असे वाटल्यावाचून राहत नाही. रियो ईश्वर मानीत नाहीत, व्हिएगस कॅथलिक होते. कर्तव्याच्या व्याख्येत मात्र दोघांत फरक दिसत नाही.

रवींद्रनाथांच्या ‘चतुरंग’ (१९१६) मधील जगमोहनही नास्तिक. कलकत्त्यात प्लेग आला तेव्हा तो शेजारच्या गरीब मुसलमान आणि चांभार रोग्यांसाठी स्वतःच्या घराचे रुग्णालय करतो आणि त्याच रोगाने मरतो. मराठी वाचकाला येथे कल्पित पात्राची गरज नाही. पुण्यात सावित्रीबाई फुले आणि त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी गावाबाहेर, हडपसरच्या बाजूला, रोग्यांची शुश्रूषा चालविली होती. त्या सेवेतच सावित्रीबाईंना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. त्यांच्या मृत्यूनंतर साडेतीन महिन्यांनी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. आपल्या स्मरणात या दोन घटना दोन निरनिराळ्या इतिहासांत का पडल्या, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे.

सर्वांत अवघड प्रश्न मात्र बेदींच्या ‘क्वारंटीन’ मध्ये आहे. त्या कथेचा निवेदक डॉक्टर आहे. क्वारंटीनच्या भीतीने प्लेगहूनही अधिक माणसे मेली असे तो सांगतो. पण कथेचा नायक तो नाही. नायक आहे विल्यम भागू हा ख्रिस्ती सफाई कामगार. डॉक्टर ज्या रोग्यांपासून हातभर दूर उभा राहतो, त्यांच्यात भागू पहाटेपासून वावरतो. साथ ओसरल्यावर डॉक्टरचा सत्कार होतो, हार पडतात; रात्री भागू साधेपणाने त्याचे अभिनंदन करावयास येतो आणि डॉक्टरला आपल्या हारांची लाज वाटते.

ही कथा व्हिएगस यांच्यासारख्या प्रत्येक गौरवलेखाच्या मार्गात उभी आहे, आणि ती तेथे असावी हेच योग्य. मांडवीत गटारे धुणारे, प्रेते उचलणारे, रोग्यांचे कपडे जाळणारे जे कामगार होते त्यांचा पुतळा कोठेही नाही. व्हिएगस यांच्या बाजूने एवढेच म्हणता येईल की, बेदींचा डॉक्टर ज्या अंतरामुळे लाजतो ते अंतर व्हिएगस यांनी लस टोचताना पुष्कळसे ओलांडले होते. दंडाला हात लावल्याशिवाय सुई टोचता येत नाही.

त्यांच्या धर्माविषयी येथे दोन शब्द. ख्रिस्ती परंपरेत आजाऱ्याची शुश्रूषा हे दयाकर्मांपैकी एक मानले जाते. आजाऱ्याला भेटणे म्हणजे प्रभूलाच भेटणे असे शुभवर्तमान सांगते. व्हिएगस यांच्या मनात ही वचने कशी होती हे आपण त्यांच्या वतीने बोलू नये. त्यांच्या श्रद्धेचे स्वरूप त्यांच्या रोग्यांच्या यादीवरून कळते. त्यात आपला व परका हा भेद आढळत नाही.

६

१९३३ मध्ये व्हिएगस यांचे निधन झाले. मुंबईत धोबी तलावाच्या चौकात, मेट्रो चित्रपटगृहासमोर, त्यांचा पूर्णाकृती पुतळा आहे; जवळच कावेल भागातील एका रस्त्याला त्यांचे नाव दिलेले आहे. या पुतळ्यापासून जवळच प्रिन्सेस स्ट्रीट आहे. प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई सुधार विश्वस्त संस्थेने दाट वस्ती फोडून समुद्राची हवा आत यावी म्हणून जे रस्ते काढले, त्यांपैकी हा एक. अशा रस्त्यांनी शहर मोकळे झाले. त्याचबरोबर ज्यांची घरे पाडली गेली ते गरीब इतरत्र आणखी दाटीने राहू लागले. पुतळा आणि रस्ता यांचे हे शेजारपण एका दृष्टीने सूचक आहे. एकाच रोगातून व्यक्तीची सेवा आणि शासनाची सुधारणा अशा दोन्ही गोष्टी जन्मल्या, आणि दोहोंचे हिशेब निराळे निघाले.

हा विषय केवळ जुना नाही. १९९४ च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेगची वार्ता आली तेव्हा पुन्हा तेच घडले : नावावरून वाद, लाखोंचे पलायन, परदेशी विमानसेवा खंडित, आणि दिल्लीपर्यंत पोचलेली भीती. २०२० च्या मार्चमध्ये करोनाच्या साथीत राज्य सरकारांनी १८९७ च्याच साथरोग अधिनियमाचा आधार घेतला. त्या आधी काही आठवडे, चीनमधील वुहान शहरातील नेत्रवैद्य ली वेनलियांग यांनी आपल्या सहकाऱ्यांना नव्या रोगाची सूचना दिली होती. पोलिसांनी त्यांना अफवा पसरविल्याबद्दल समज दिली आणि ७ फेब्रुवारी २०२० रोजी त्याच रोगाने त्यांचा मृत्यू झाला. दिल्लीतल्या त्या उन्हाळ्यात, बंद शहरातून पायी निघालेल्या मजुरांच्या रांगा ज्यांनी पाहिल्या, त्यांना १८९७ ची मुंबई समजावून सांगावी लागत नाही.

तेव्हा आरंभी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर असे देता येईल. भयंकर गोष्टीचे खरे नाव उच्चारणे ही सेवा आहे. परंतु ती सेवेची केवळ पहिली पायरी आहे. नाव उच्चारून जो निघून जातो तो वार्ताहर होतो. नाव हाती घेऊन जो दारे फोडतो तो शासक होतो. नाव उच्चारल्यानंतर जो त्याच वस्तीत, त्याच माणसांमध्ये, त्यांच्या भीतीसह राहतो त्यालाच वैद्य म्हणावे. व्हिएगस यांचे मोठेपण २३ सप्टेंबरच्या एका दिवसात शोधणे पुरेसे नाही. त्यानंतर त्यांच्यापुढे उघडे झालेले दंड मोजले पाहिजेत.

मराठीच्या विद्यार्थ्याला शेवटी एक सुचवावेसे वाटते. प्लेगचा आपला इतिहास वाचताना गणेशखिंडीच्या वाटेने जरूर जावे. पण जाण्यापूर्वी मांडवीतून जावे, हडपसरच्या माळावर थांबावे, आणि जे भागू कोणत्याही भाषेत नोंदले गेले नाहीत त्यांची आठवण ठेवावी. आपल्या वर्गात जेव्हा पुन्हा हा विषय निघेल आणि इतर भाषांचे विद्यार्थी आपापल्या कथांतले वैद्य पुढे करतील, तेव्हा मराठीच्या विद्यार्थ्याकडे सांगण्यासारखा एक वैद्य आहे. तो कथेत नाही, एवढाच फरक.